पोरांच्या पंगतीत

एकदा एक वृद्ध वैद्यीण आपल्या तरुण शिष्येला घेऊन नदीकाठच्या एका गावी मुक्कामाला आली. शिष्या हुशार, पण उतावळी. मोठ्यांच्या संथ बोलण्याने तिचा जीव कासावीस होई. या गावात तर ती पुरती चक्रावली. इथल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुली पांढऱ्याफटक दिसत, घेरी येऊन पडत. त्याच सकाळी सुगंधी नावाची पोर भरल्या कळशीसकट घाटाच्या पायरीवर कोसळली होती. डोकं थोडक्यात वाचलं. नदीपलीकडच्या गावातल्या तिच्याच वयाच्या मुली मात्र टवटवीत. पाणी तेच, ज्वारी तीच. शिष्येने विहिरी पाहिल्या, धान्य पाखडलं, सुगंधीच्या आईला, आत्याला खोदून खोदून विचारलं. कशाचाच मेळ बसेना.

दुपारी देवळात गावजेवण होतं. आधी पोरं, मग पुरुष, आणि उरलंसुरलं ते शेवटी बायकांना, अशी इथली रीत, घरीसुद्धा. पहिली पंगत बसू लागली, तशी वैद्यीण उठली, सुगंधीचा हात धरला आणि तिला घेऊन थेट पोरांच्या ओळीत मांडी ठोकून बसली.

हशा पिकला. शिष्येला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय आजी, दुधाचे दात फुटले की काय पुन्हा?" वाढपी म्हणाला.

सुगंधीची आत्या धावत आली. "माई, तुम्ही बसा हवं तर, पण हिला उठवा. न्हातीधुती झालीय ती. तिनं बायकांत बसायचं आता."

"बसेल की सावकाश. आधी दूधभात वाढा, दोघींना."

"माई, औषध द्यायचं सोडून हे काय चाललंय?" शिष्या कुजबुजली.

"औषधही देऊ," वैद्यीण म्हणाली. "पण इथे मुलगी एका दिवसात बाई होते आणि त्याच दिवशी शेवटच्या पंगतीत जाते. तिची हाडं तर अजून वाढतायत. त्यांना गावची रीत कोण समजावणार? पलीकडच्या गावात मुलगी लग्न होईतो पोरांतच जेवते."

"म्हणजे पलीकडचं गाव शहाणं!"

"तिथली एक मुलगी वर्षभर दुखणं अंगावर काढत राहिली. तिने काही विचारलं की घरचे म्हणत, तू लहान आहेस, तुला काय कळतं! माझ्याकडे आणली तेव्हा फार उशीर झाला होता."

शिष्येचा गोंधळ आणखीच वाढला. "एक गाव लहान म्हणून गप्प बसवतं, दुसरं मोठी म्हणून उपाशी ठेवतं. मग ही आहे तरी कोण? एकदा सरळ सांगा ना!"

"तिला विचारलंस?"

शिष्या वरमली. तिने साऱ्या गावाला विचारलं होतं. ज्या मोठ्यांवर ती चिडत होती, त्यांच्यासारखीच तीही या मुलीला वगळून तिच्याबद्दल बोलत आली होती.

ती सुगंधीजवळ टेकली. "काय होतं गं तुला?"

पोरीने आत्याकडे चोरून पाहिलं. "भूक लागते, ताई." मग आणखी हळू म्हणाली, "आणि दर महिन्याला पोटात फार दुखतं. ते कुणाला विचारायचं असतं?"

"मला," शिष्या म्हणाली, आणि वाढप्याकडे वळली. "इथे आणखी एक पान मांडा."

आत्या पुटपुटत राहिली, पण सुगंधीला कुणी उठवलं नाही.

आपल्या घरची वाढती मुलगी कधी आणि काय जेवते, ते आज पाहावं. बाकीचं तिलाच विचारावं.