खांबेट्यांचं कच्चं टिपण

एका तालुक्याच्या गावात वकिलांची एक जुनी पेढी होती. आजोबांनी काढली, वडिलांनी वाढवली आणि आता भास्करराव खांबेटे ती चालवत होते. पंचक्रोशीत म्हणच पडली होती, 'कागद खांबेट्यांचा, झोप आपली.' त्यांनी दस्त लिहिला की माणसानं खुशाल पाय पसरून झोपावं. भास्कररावांना या म्हणीचा भारी अभिमान. आणि का नसावा? तीन पिढ्यांची कमाई होती ती.

पेढीची एक रीत होती. पक्षकार बोलेल ते आधी कच्च्या टिपणात जसंच्या तसं उतरवायचं, मग पक्का दस्त करायचा. दस्त झाला तरी टिपण फाडायचं नाही. टिपणांनी माळा भरून गेला होता. "वाण्याला द्या, पुड्या तरी बांधेल," असं लोक हसून म्हणायचे.

एके दिवशी राहीबाई दुधाळ आली. तीस वर्षांपूर्वी तिच्या आणि दिराच्या शेताची वाटणी याच पेढीनं लिहिली होती. पश्चिमेची बाजू तिची, पूर्वेची दिराची. पश्चिमेच्या विहिरीवर तिनं एकटीनं मळा जगवला. आता दीर वारला, पुतण्या सोपाननं कागद वाचला आणि विहिरीला कुंपण घातलं.

"कागद तुमच्याच घरचा हाय, वकीलसाहेब," ती म्हणाली. "मग हीर माझी कशी न्हाई?"

भास्कररावांनी दस्त वाचला. 'विहीर पूर्वेच्या हिश्शात,' असं स्वच्छ लिहिलं होतं आणि खाली वडिलांची सही होती. ते स्वतः माळ्यावर चढले. टिपण सापडलं. त्यात दिराच्याच तोंडचे शब्द होते, 'विहीर वहिनीला, पश्चिमेस.' पक्कं करताना दिशा चुकली होती. भिंतीवरच्या वडिलांच्या तसबिरीकडे त्यांना बघवेना.

धाकटे भाऊ मुकुंदराव पेढीत भागीदार होते. ते हळूच म्हणाले, "दादा, हे टिपण आपल्याशिवाय कुणी पाहिलंय? बाहेर काढलंत तर तीन पिढ्यांचं नाव पाण्यात जाईल."

"आणि त्या बाईचं पाणी गेलं तर चालेल?" भास्करराव म्हणाले.

त्यांनी राहीबाईला दुसरा वकील गाठून दिला आणि स्वतः टिपण घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. कोर्ट माणसांनी गच्च भरलं होतं.

सोपानच्या वकिलानं मिश्कीलपणे विचारलं, "म्हणजे खांबेट्यांच्या कागदातही चूक असते तर?"

"असते," भास्करराव म्हणाले. "म्हणून तर आम्ही टिपण फाडत नाही."

दस्त दुरुस्त झाला. कुंपण निघालं. राहीबाईच्या मळ्यात पुन्हा पाणी खेळू लागलं.

भास्कररावांना वाटलं, आता पेढीचं बाकडं रिकामं राहणार. आठवडाभर राहिलंही. मग एका सकाळी दारात सोपान उभा दिसला. हातात टोपी, नजर खाली.

"भावाभावांची वाटणी लिवायची हाय," तो म्हणाला.

"माझ्यामुळे तू विहिरीला मुकलास. तरी माझ्याकडेच आलास?"

"चूक कुणाच्याबी हातनं हुईल, साहेब. पर ती सांगाया बापाच्या सहीइरुद्ध कोण उभं ऱ्हातंय? झोप लागायची तर कागद हितंच व्हायला पायजे."

भास्कररावांनी डोळे पुसले आणि कच्चं टिपण लिहायला घेतलं.

तात्पर्य: चूक झाकून नाव राखता येत नाही, जो आपली चूक आपल्या तोंडानं सांगतो, त्याच्याच शब्दावर लोक निर्धास्त झोपतात.