दोनशे हात आणि बांधाची किल्ली

एकदा एका गावचा पुढारी मेला. जिवंत होता तोवर गावाच्या उशाशी असलेल्या तळ्याची, म्हणजे त्याच्या बांधाच्या दाराची किल्ली त्याच्या कमरेला असे. पाणी चढलं की दार केव्हा आणि किती उघडायचं, हे त्याला बरोबर कळे. चुकलं तर अख्खं गाव वाहून जाणार.

राजे जाऊन नुकतंच लोकांचं राज्य आलं होतं. हुकूम आला, पुढारी तुमचा तुम्ही निवडा. गावानं सखोल विचार केला, म्हणजे काहीच केला नाही, आणि मेलेल्याचा मुलगा, बापाची किल्ली कमरेला बांधून, पुढे आणून बसवला. शेजारी त्याचे मामा उभे राहिले, मिशा आणि काठीसकट.

"धाकटे मालकच ना? करा हात वर!"

दोनशे हात वर गेले. ज्याचा उशिरा गेला, त्याला मामांनी नीट बघून ठेवलं.

तिथे गावात मुक्कामाला आलेले एक वृद्ध ज्ञानी पुरुष बसले होते. सोबत शिष्य. शिष्य म्हणजे कोवळा नव्हे, चांगला चाळिशीचा, टक्कल पडलेला. वृद्ध म्हणाले, "मामासाहेब, एकदा डोळे बांधून हात वर करू या. तुम्हीसुद्धा. माणसं तीच, हात तेच. हरकत काय?"

"बांधा की!" मामा हसले.

उपरणी, पदर, पंचे, मिळेल ते डोळ्यांवर आलं. "मोज रे," वृद्ध शिष्याला म्हणाले.

शिष्यानं मोजलं आणि त्याच्या टकलावर घाम फुटला.

"सोडा फडकी! किती भरले, महाराज?" मामांनी विचारलं.

शिष्यानं गुरूंकडे पाहिलं. गुरू आपले आकाशातल्या घारी बघत होते. लबाड म्हातारा!

"ए... एक."

मामांनी काठी आपटली. "म्हणजे माझा एकट्याचा? फितूर कोण कोण? नावं सांग! पहिलं नाव सांग!"

दोनशे माना खाली गेल्या. पहिलं नाव आपलंच, याची प्रत्येकाला खात्री होती.

"मामा, पहिलं माझं." धाकटे मालक उठले. चेहरा पांढराफटक. "मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो. बाबांनी मला त्या दाराला कधी हात लावू दिला नाही. पाणी चढलं की मला फक्त पळावंसं वाटतं. पण मघाशी एवढे हात वर बघितले, वाटलं, नको म्हटलं तर हे मला जिता ठेवणार नाहीत."

त्यानं किल्ली जमिनीवर ठेवली.

निघताना शिष्यानं विचारलं, "गुरुजी, हे होणार हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"छे! मीही घाबरलो होतो. म्हणून तर वर बघत बसलो. पण बाळा, गाव त्या घराला भीत होतं आणि पोरगा गावाला. दोघांच्या भीतीला सगळे निष्ठा म्हणत होते आणि तिच्याच कमरेला किल्ली बांधत होते. बापाची किल्ली मुलाला देता येते, पाण्याची जाण कशी देणार? आणि जिथे 'नको' म्हणायची धास्ती, तिथला होकार मोजून उपयोग काय?"

शिष्यानं मागे वळून पाहिलं. किल्ली तिथेच पडली होती. भोवती गाव उभं होतं, आणि भीत भीत का होईना, एकमेकांना विचारत होतं, "ते दार उघडता कुणाला येतं?"

तुमच्याकडे हात वर करायची वेळ आली, तर तेवढं विचारा. शेजाऱ्याच्या हाताकडे बघू नका. तो तुमच्याच हाताकडे बघत बसलेला असतो.