काकडं न घातलेली भाजी

एकदा एका वृद्ध वैद्याच्या शिष्यानं रानभाज्यांवर ब्लॉग काढला. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवर बांधलेला आपला ओटा. तो बांधायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून अक्कलही लागत नाही, असं पुष्कळांना वाटतं. शिष्य मात्र हुशार. भाषा शुद्ध, फोटो झकास. हजारभर लोक वाचू लागले आणि गड्याची मान ताठ झाली.

मृगाच्या तोंडाशी त्यानं शेवळाच्या भाजीची कृती लिहिली. आठवडी बाजारात रानभाजी विकणाऱ्या बारकीबाईनं लेकीकडून खाली लिहवून घेतलं, ‘काकडं नाय घातलीस, ती आंबट रानफळं. घसा धरंल.’

शिष्याला झोंबलं. वैद्याच्या शिष्याला बाजारातली बाई शिकवणार? त्यानं ती ओळ पुसली आणि लोकांनी लिहायची जागाच बंद केली. आपण लिहायचं, त्यांनी वाचायचं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्याला जेवायला बोलावलं. चुलीपाशी बारकीबाईच!

"तुझ्याच लेखातली भाजी आहे," गुरुजी म्हणाले. "शब्दाला शब्द."

वाढता वाढता बारकीबाई म्हणाली, "बाबा, त्याला सांगते की..."

"गप!" गुरुजी गरजले. "इथं बोलायची सोय नाही."

शिष्य चपापला. गुरुजींनी दारच्या भिकाऱ्यालाही कधी बोलताना अडवलं नव्हतं. त्यानं घास घेतला. दुसऱ्या घासाला घशात कुसळं रुतल्यासारखी खाज सुटली. पाणी प्याला, शमेना. समोर गुरुजीही खाकरत होते. त्यांनी तेच खाल्लं होतं.

बारकीबाईनं चिंचेचा कोळ पुढं केला. "सांगितलं व्हतं ना रं? पी आता."

गुरुजी सावकाश बोलले, "तू लिहिलंस त्यात चूक नव्हती. राहून गेलं त्यात होती. ते जिला ठाऊक, तिचंच तोंड तू बंद केलंस. मी म्हातारा खोकून मोकळा होईन. पण रविवारी तुझ्या भरवशावर लोक लेकरांना ही भाजी वाढतील, त्यांचं काय? ओटा बांधलास ना, मग येणाऱ्याला बसू दे. चौघं वाकडं बोलतील. एखादा उपयोगाचं बोलेल, आणि तो कदाचित त्या चौघांतलाच असेल."

शिष्यानं ताटावर बसल्या बसल्याच फोन काढला. बारकीबाईची ओळ तिच्या नावानिशी, तिच्याच बोलीत, लेखाच्या माथ्यावर लावली. लिहायची जागा उघडली.

संध्याकाळी कुणीतरी खवचटपणे लिहिलं, ‘आमच्याकडं काकडं मिळत नाहीत, बोंडाऱ्याचा पाला टाकतात. एवढंही ठाऊक नाही?’

शिष्याचं बोट पुसायला गेलं. मग हात आपसूक घशाकडं गेला.

त्यानं उत्तर लिहिलं, ‘नव्हतं ठाऊक. किती टाकता?’