आयांचं तळं

निंबोणखोरीच्या वेशीबाहेर जे तळं आहे, त्याला ‘आयांचं तळं’ म्हणतात. पाहुण्यांना वाटतं, काठावर आसरांचं, पाण्यातल्या देवींचं, ठाणं असेल. तसं काही नाही. गावचे म्हातारे सोनबा पाहुण्यांना बांधावर बसवून सांगतात ती हकिगत वेगळीच आहे.

फार पूर्वी तळं खणलं, पण त्यात पाणी ठरेना. पावसात भरायचं आणि दसऱ्याआधीच तळ उघडा पडायचा. गुरं मेली, माणसं गाव सोडू लागली. तेव्हा भगताच्या अंगात आलं आणि तो म्हणाला म्हणे, “ज्याला आई नाही असं लेकरू तळाशी पुरा. पाणी राहील.”

सगळ्यांच्या नजरा बनीकडे वळल्या. आईबाप तापात गेलेली ती पोर; जो घास देईल त्याच्या दारात निजायची. तिला न्हाऊ घातलं, हळद लावली, नवा परकर नेसवला. पोर हरखली. एवढं कौतुक तिचं कधी झालंच नव्हतं.

गर्दीच्या मागे ठकूबाई उभी होती. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं टाकलेली. ती दिसली की बायका तान्ह्यांवर पदर ओढत. समोर चाललंय ते खरंच चाललंय, हे तिला पटेना. ज्या हातांनी काल बनीला भाकरी दिली, तेच हात खड्डा खणत होते.

बनीला खाली उतरवलं. भगतानं विचारलं, “या लेकराला आई आहे का कुणी?”

माणसांनी मातीच्या पाट्या उचलल्या.

“मी आहे.”

आवाज आपलाच, हे ठकूला मागाहून कळलं. सगळी गर्दी वळून बघत होती. ती वाट काढत पुढे आली.

“तू?” पाटील ओरडले. “तुझी कूस कधी उजवली गं?”

“भगतानं आई विचारली, पाटील. बाळंतीण नाही विचारली.” ती खड्ड्यात उतरली, चिखलात बसली आणि तिनं बनीला मांडीवर घेतलं. “लोटा आता माती.”

“हिला आई निघाली. मग वरल्या आळीतलं ते पोरकं पोर आणा,” पाटील म्हणाले.

तेवढ्यात पाटलीणबाई पदर खोचून बांध उतरल्या. “त्याची आई मी,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग एकेक करत सगळ्या बायका उतरल्या आणि बनीभोवती कडं करून उभ्या राहिल्या. पुरुषांचा भरवसा नव्हता, म्हणून दिवस मावळेपर्यंत तिथंच चिखल तुडवत राहिल्या. त्या वर्षी तळ्यात पाणी ठरलं. कुणी म्हणतं देव पावला, कुणी म्हणतं इतक्या पायांनी माती मळून तळ घट्ट झाला म्हणून.

आजही गावात एखाद्या लेकराची आई गेली, की त्याला तळ्यावर आणतात आणि विचारतात, “याची आई कोण?” लेकुरवाळ्या, विधवा, मूल नसलेल्या, सगळ्या एकदम “मी” म्हणतात.

सोनबांनाही लहानपणी असंच आणलं होतं. तो आवाज एवढा मोठा उठला, ते सांगतात, की भिऊन त्यांनी समोर दिसेल त्या बाईचं लुगडं धरलं.

तिनं ते सोडवून घेतलं नाही.