हाकेचा उंबरा

पांगारखिंड उतरून दिवेलागणीला वाडीत आलात, तर एक गोष्ट कानावर पडल्याशिवाय राहत नाही. रानातून परतलेला बाप्या, दार सताड उघडं असलं तरी उंबऱ्याबाहेर थांबतो आणि बायकोचं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारतो. नुसतं 'अगं' नाही, 'अमक्याची आई' नाही. चांगलं नाव घेऊन. आतून ओ आली की मगच पाय आत पडतो. गड बघायला आलेली पोरं हे ऐकून हसतात. चावडीच्या कट्ट्यावरचे कोंडाजीबाबा त्यांना हसू देतात. हसून झालं असेल तर बसा म्हणतात, आणि वाडीच्या टोकाला एका मोकळ्या जोत्यापुढच्या काळ्या दगडाकडे बोट करतात. तो हाकेचा उंबरा.

असे सांगतात, की त्या जोत्यावर लमाणांच्या तांड्यांच्या वाटेनं मीठ आणणाऱ्या सिदोजी नावाच्या माणसाचं घर होतं. बैल घेऊन तो खिंडीतून कोकणात उतरायचा आणि मिठाच्या गोण्या घेऊन परतायचा. घर दगडी, दार सागवानी, आणि दाराला आतून आडवा अडसर. तो सरकवला की हत्तीनंही हात टेकावेत. पण काळ पेंढाऱ्यांचा होता. धाड आली की वाडी रानात पळायची. सिदोजीच्या बायकोला मात्र पळता येत नसे, कारण सासू अंथरुणाला खिळलेली आणि लेक येसाजी अंगावर पिणारा. सासूला टाकून जाणारी ती नव्हती. तिचा सगळा भरवसा त्या अडसरावर.

त्या खेपेला निघताना सिदोजीचा पाय घरातून निघेना. धाडीचे लोक ओळखीच्या माणसाला धरून आणतात, त्यालाच हाक मारायला लावतात आणि घरची माणसं भोळेपणी दार उघडतात, हे त्यानं वाटेवर ऐकलं होतं. म्हणून त्यानं बायकोला जवळ बोलावलं.

"माझा आवाज वळखलास तरी अडसर काढू नगंस," तो म्हणाला. "मानंवर सुरी आली की कुनीबी हाक मारंल. तुझं नाव घीन, तवाच उघड."

तिला हसूच आलं. बायकोचं नाव घेणारा म्हणजे बाईलवेडा, अशी तेव्हाची रीत. लग्नात भटजीनं सांगितलं म्हणून तिच्या कानात घेतलं तेवढंच, त्यानंतर सिदोजीच्या तोंडून तिचं नाव कधी निघालं नव्हतं. माहेरची माणसं पटकीत गेलेली, त्यामुळे दुसरंही कुणी घेणारं उरलं नव्हतं. सासू सूनबाई म्हणे, गाव येसाची आई म्हणे. तिनं नवऱ्याला छेडलं, की तुमची जीभ टाळ्याला चिकटेल. त्यावर तो लाजला म्हणे, आणि म्हणाला, आल्यावर सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं घेईन. त्या दिवसापासून ती बाई वाट बघत होती ती नुसती नवऱ्याची नव्हे. एवढ्या वर्षांनी आपलं नाव ऐकायला मिळणार, याचंच तिला अप्रूप वाटत होतं.

धाड आली ती ऐन दुपारी. वाडी ओस पडली. तिनं अडसर सरकवला, येसाजीला पदराखाली घेतला आणि दाराला पाठ लावून बसली. बाहेर टापा वाजल्या, थांबल्या, आणि ज्याची वाट बघितली तोच आवाज दारापाशी आला.

"येसाची आई, दार उघड."

ती उठलीच. हात अडसरावर गेलाही. पण नाव आलं नव्हतं. लाजत असतील, असं तिला वाटलं. चार पावलांवर शेजार असताना हा माणूस नाव घेईल कसा? शेजार रानात पळालाय, हे त्या घाईत तिला सुचलंच नाही. तिनं फळीला तोंड लावून हळूच म्हटलं, "नाव घ्या की."

तिची चूक झाली ती इथं. पेंढाऱ्यांनी ते ऐकलं. नाव घेतलं की दार उघडतं, एवढं त्यांना कळलं. मग त्यांनी सिदोजीला मारायला सुरुवात केली. तिला आत प्रत्येक घाव ऐकू येत होता. नाव घे, नाव घे, असं ते ओरडत होते, आणि तिनंही मनातून तेच म्हटलं असेल तर तिला कोण बोल लावणार?

"इसरलो," सिदोजी म्हणाला. "तुझं नाव इसरलो बघ."

तेव्हा तिनं अडसरावरचा हात काढला. येसाजीच्या कानांवर दोन्ही हात दाबले आणि उभी राहिली. तो पुन्हा पुन्हा इसरलो म्हणत राहिला, आवाज बसत गेला, मग थांबला. गडावरून शिबंदीचं शिंग वाजलं आणि टापा खिंडीकडे गेल्या.

तिनं दार उघडलं तर तो उंबऱ्यावर आडवा पडला होता. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. रानातून परतलेल्या बायांनी ऐकलं, ती त्याला म्हणत होती, "आता घ्या. आता कुनी न्हाई."

ती पुढं पुष्कळ जगली. सासूचं केलं, पोराला वाढवलं. येसाजीचं लग्न झालं तेव्हा तिनं त्याला एकच सांगितलं, की घरी येशील तेव्हा उंबऱ्याबाहेर थांब, बायकोचं नाव घे आणि मग आत ये. लाज वाटली तरी घे. पोरानं ते पाळलं. लोक आधी हसले, मग एकेक करून सगळी वाडी पाळू लागली.

आजही पाळते. बायको वारलेले म्हातारेसुद्धा रिकाम्या घराला हाक मारून आत जातात. सिदोजीच्या तिथीला वाडीतले बाप्ये त्या काळ्या उंबऱ्यापुढं जमतात. त्या माउलीला तिच्या नावानं एक हाक द्यावी, असं सगळ्यांना वाटतं. पण ते नाव तिच्याखेरीज एकट्या सिदोजीला ठाऊक होतं, आणि त्याच्यामागं तिनं ते कुणालाच सांगितलं नाही. मग सगळे तिथं नुसते उभे राहतात.