केशवराजाच्या सभामंडपातले जाते

मंडळी, त्या जात्यावर टेकू नका. निंबदऱ्याच्या केशवराजासमोर सभामंडपात जाते का मांडले आहे, असे प्रत्येक पाहुणा विचारतो. नवे स्तोत्र घेऊन येणाऱ्या कवीला येथे आधी दळावे लागते, एवढेच त्याचे कारण. ही रीत कशी पडली, ते वाडवडिलांकडून ऐकले तसे सांगतो.

सात पिढ्यांपूर्वी येथे मार्तंडशास्त्री नावाचे एक कवी आले. ‘कविकुलभास्कर’ ही पदवी त्यांनी स्वतःच घेतली होती, कारण दुसरे कोणी देत नव्हते. त्यांनी केशवराजावर एकशे आठ श्लोक रचले होते. एकेक समास असा लांब, की म्हणणाऱ्याने आरंभी घेतलेला श्वास शेवटापर्यंत पुरू नये. भक्तीपेक्षा अनुप्रास अधिक, आणि त्यालाच ते साधना म्हणत.

उत्सवाच्या सकाळी नैवेद्याचे गहू दळायला सई गुरवीण मंडपामागच्या ओवरीत बसली. तीस वर्षे ती देवासाठी दळीत होती, आणि दळताना ओव्या गात होती. शास्त्रीबुवांनी पोथी मिटली आणि पंचांना बजावले, “ही गावंढळ ओवी आजपासून देवळात नको. जेथे माझे काव्य होईल, तेथे हा कलकलाट शोभत नाही.” पंच पदवीला भ्याले. त्यांनी मान डोलावली.

सईने हात थांबवला. “शास्त्रीबुवा, ओवी बंद तर दळण बंद. देव दुपारी काय जेवेल?”

“जाते फिरवायला काव्य कशाला? बैलही फिरवील!”

“मग बसा ना! तुमचंच काव्य म्हणा आणि दळा. दळलं गेलं, तर या देवळात माझी ओवी पुन्हा ऐकू यायची नाही.”

जाते मंडपात आणले गेले. शास्त्रीबुवांनी उपरणे खोचले, खुंटा धरला आणि पहिला श्लोक उचलला. समास अर्ध्यावर आला तोच श्वास संपला, आणि श्वासाबरोबर हातही. दुसऱ्या श्लोकाला घाम फुटला. तिसऱ्याला बायका हसू लागल्या.

“बुवा, देवाचं नाव कधी येतं?” एकीने विचारले.

“बाविसाव्या श्लोकात,” शास्त्रीबुवा धापा टाकीत म्हणाले.

“आणि तुमचं?”

ते पहिल्यातच येऊन गेले होते.

पाचव्या श्लोकाला ते उठले. जात्याभोवती पीठ नव्हते, नुसता भरडा होता. सई बसली, मूठभर गहू घातले आणि तिने ओवी धरली:

केशवा रे धर, खुंटा तूही थोडा
तुझ्याच घासाचं, दळण हे

दुसऱ्या चरणाला तिने पदराने कपाळ पुसायला हात काढला, तरी जाते फिरतच राहिले, असे सांगतात. ओवी संपेपर्यंत फिरले म्हणे, आणि पीठ पडले ते अबीरासारखे मऊ. पंचांनी तेथेच सईची क्षमा मागितली. शास्त्रीबुवा मात्र म्हणाले, “मी आधी फिरवून सैल केले, म्हणून!” एवढे बोलून ते निघून गेले. त्यांची पोथी येथेच राहिली. वाळवीलाही ती संपवता आली नाही.

त्या दुपारी नैवेद्य वेळेवर झाला. जाते मंडपातच राहिले आणि पंचांनी नियम केला: जे स्तोत्र म्हणत शेरभर गहू दळले जातील, तेच देवापुढे गायचे.

आजही कवी येतात. गुळगुळीत कागदावरची पुस्तिका, मुखपृष्ठावर देवापेक्षा मोठा स्वतःचा फोटो, खिशात सत्काराची कात्रणे. आम्ही नम्रपणे जाते दाखवतो. बहुतेकांना तेवढ्यात परतीची एसटी आठवते. जे बसतात, त्यांतलेही बरेच दुसऱ्या कडव्याला पाणी मागतात. त्यांचा भरडा आम्ही वाया घालवीत नाही, गोठ्यात पाठवतो. गाई तो मुकाट्याने खातात; त्यांना काव्यातले काही कळत नाही.