पुसणीचा दगड

आग्याकड्याच्या अगदी काठाशी एक बसका दगड आहे. त्याला पुसणीचा दगड म्हणतात. कडा बघायला आलेल्या पाहुण्यांना वाडीतले म्हातारे हिरामणबाबा आधी त्यावर बसवतात, खाली डोकावू देत नाहीत, आणि मग सांगतात.

फार पूर्वी धावजी नावाचा एक ठाकर इथे दोर धरायचा. दोराला लोंबकळून आग्या मोहोळ काढायचा तो लहानू, धावजीच्या थोरल्या बहिणीचा, ठकीचा नवरा. बायकोच्या भावानेच दोर धरायचा; तो बहिणीचं कुंकू जपणार, ही रीत.

त्या वर्षी बाजारात लहानूचं बोलणं धावजीच्या कानावर पडलं. लहानू कुणाला तरी हळूच सांगत होता, "चैत्रात सोडतो तिला. ठरलंय." धावजीने काही विचारलं नाही. आठ दिवस त्याला अन्न गेलं नाही, म्हणे. नवऱ्याने टाकलेली बहीण दारात उभी आहे, एवढंच त्याला दिसायचं.

नवव्या दिवशी लहानू कड्याखाली उतरला. दोर तीन पेडांचा, मागे झाडाला बांधलेला. धावजीने कोयती काढली. एक पेड कापला. दुसरा कापला. तेवढ्यात खालून, धुरातून, लहानूचा आवाज आला.

"धावजी, ह्यातला मध तुझ्या आईकडं ठेव. चैत्रात ठकीला माहेरी सोडीन, तवा लागंल. पहिलं बाळतपण हाय. इतक्यात सांगू नका म्हणली व्हती."

धावजीने कोयती टाकली. उरलेला एकच पेड डोळ्यांदेखत उलगडत होता. ओरडावं तर लहानू दचकेल, आणि दचकला की संपलं.

"दाजी, हलू नका," एवढंच तो म्हणाला. कापल्या जागेच्या पुढे, कड्याच्या बाजूला दोर धरून त्याने कमरेला वेढा घेतला, दगडाला पाय रोवले, आणि मागचा पेड तटकन गेला. लहानूचा सगळा भार त्याच्या कमरेवर आला. दोर मांसात रुतला, पण वीत वीत करत त्याने लहानूला वर घेतलं, असं सांगतात.

लहानूने दोराचं टोक पाहिलं. कापलेला दोर आणि तुटलेला दोर वेगळा दिसतो.

"मीच कापला," धावजी म्हणाला.

लहानू ह्याच दगडावर बसला. कापलेलं टोक हातात धरून तो म्हणाला, "एकदा पुसायचं व्हतंस."

आजही उतरणारा आणि दोर धरणारा आधी इथे समोरासमोर बसतात. उतरणारा पुसतो, "मनात काय हाय का?" बहुतेक वेळा 'नाय' असंच उत्तर येतं. कधी 'हाय' येतं. त्या दिवशी दोर गुंडाळून दोघे बोलत बोलत घरी जातात, आणि मध माश्यांकडेच राहतो.